लुटुपुटीची लढाई, खरी दमछाक

हरल्यावर पट उधळून देणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. लातूरला आमच्या गल्लीत एक गृहस्थ होते. वजीर गेला की त्यांना हमखास घरून बोलावणे येई. राग, रडीचा डाव, दोन दिवसांचा अबोला हे सगळे खेळात क्षम्य आहे, किंबहुना खेळ रंगल्याचीच ती खूण. पण आपण जिंकत असताना जांभया देणारा खेळाडू मला पहिल्यांदा दिसला तो नांदेडला, दोन वर्षांपूर्वी, आणि तोही चक्क लढाईच्या खेळात. समोर निजामाची फौज ढासळत होती, ती याच्याच तोफांनी ढासळवली होती, आणि हा गडी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होता.

लढाईसारखा विषय, हाताखाली सैन्य, समोर शत्रू. एवढे सगळे असताना कंटाळा उत्पन्न करायला काहीतरी खास कसब लागत असले पाहिजे. ते कसब नेमके कशात आहे, याचा मी पुढे जरा नाद घेऊन तपास केला.

हा खेळ आपल्याकडे फारसा परिचित नाही, म्हणून आधी त्याची ओळख. बोटाच्या दोन पेरांएवढे, साधारण २८ मिलिमीटर उंचीचे सैनिक असतात. ते शिशाचे, प्लास्टिकचे किंवा हल्ली थ्री-डी प्रिंटरवर छापलेले मिळतात. बहुधा सुट्या तुकड्यांत आणि बिनरंगाचे. ते चिकटवायचे, रंगवायचे, टेबलावर टेकड्या, नदी, गावे मांडायची आणि दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी करायची. पटावर घरे नसतात. किती पुढे जायचे ते टेपने मोजायचे आणि कोण मेला ते फासे टाकून ठरवायचे. दिवाळीचा किल्ला आणि त्यावरचे मातीचे मावळे डोळ्यांपुढे आणा, म्हणजे निम्मे चित्र पुरे होईल. फरक इतकाच, की किल्ला मांडला की मुलांचे काम संपते. मावळ्यांनी पुढे काय करायचे याचे नियम कोणी काढत बसत नाही, आणि म्हणूनच बहुधा दिवाळीच्या किल्ल्याचा कंटाळा आल्याचे कोणा मुलाने सांगितलेले मी तरी ऐकले नाही.

माझा भाचा नांदेडला अभियांत्रिकीला आहे. त्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी एका परदेशी खेळाचे जाडजूड नियमपुस्तक मिळवले आणि त्या नियमांवर आपल्या मुलखातली लढाई खेळायची असे ठरवले. तसे पाहिले तर नांदेडच्या पोरांना लुटुपुटीची लढाई नवी नाही. होळीनंतर सचखंड गुरुद्वाऱ्यातून निघणारा हल्लाबोल त्यांनी लहानपणापासून पाहिलेला, आणि त्या प्रथेचे मूळ गुरू गोविंदसिंगांनी आनंदपूरला सुरू केलेल्या युद्धाच्या सरावात आहे. मुलांनी निवडली ती उदगीरची लढाई. १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी सलाबतजंग आणि निजामअली या भावांच्या फौजेला उदगीर ते औसा या पट्ट्यात कोंडून नमवले, ती. औसा आमच्या लातूरपासून वीसेक किलोमीटर, तेव्हा "मामा, तुम्हाला यावंच लागेल" असा हुकूम आला.

तयारी चार महिने चालली होती. घोडेस्वार एकेक करून रंगवले होते. एका स्वाराच्या लगामाला सोनेरी रंग द्यायला दोन रात्री गेल्याचे भाच्याने अभिमानाने सांगितले. शिकवणीचे वर्ग घेऊन मिळवलेले पैसे रंगांत, कुंचल्यांत आणि छपाईत गेले होते. टेबलावर घातलेली चादर तेवढी हिरवीगार होती. फेब्रुवारीत आपल्याकडची जमीन अशी दिसते का, असे मी विचारले, तेव्हा चहाच्या पाण्यात बुडवून तिला ज्वारीच्या रानाचा रंग आणण्यात आला. आणि मुख्य म्हणजे ही चार तरुण मुले रविवारच्या रविवारी मोबाइल बाजूला ठेवून एका टेबलाभोवती जमत होती. आमची ताई जेवणाचे टेबल अडल्याबद्दल एरवी कुरकुरली असती. तिने आनंदाने जमिनीवर ताटे मांडली.

पहिल्या रविवारी मांडामांडीतच दोन तास गेले. मग मराठ्यांची पहिली चाल. इब्राहीमखान गारद्याच्या तोफा आणि बंदूकवाले ज्याच्याकडे होते, त्याने तीस बंदुकांची फैर झाडायची ठरवली. तीस फासे टाकले. चार किंवा जास्त पडले तर नेम लागला, पंधरा लागले. ते पंधरा फासे पुन्हा टाकायचे, जखम झाली का पाहायला, सात उरले. मग ते सात निजामवाल्याने उचलायचे आणि चिलखताने वाचवले का ते पाहायचे. वाचून-वजा जाता मेले चार. बावन्न वेळा फासा पडला, मधे दोन फासे कपाटाखाली गेले ते शोधले, एक वाकडा पडला म्हणून वाद झाला, आणि मेले चार. मी गणिताचा माणूस नाही, पण तीन वेळा निम्मे करण्याऐवजी "सहा पडला तर माणूस पडला" एवढाच नियम ठेवला असता, तर त्याच तीस फाशांत पाच जण पडले असते आणि एका दमात काम झाले असते, हे मलाही दिसत होते.

अशा दहा-बारा तुकड्या. मराठ्यांची ती एक चाल पुरी व्हायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात निजामाकडच्या दोघांना काम काय, तर सांगितले की फासे टाकायचे आणि आपली मेलेली माणसे उचलून खोक्यात ठेवायची. सोनेरी लगामाच्या स्वारालाही भाच्याने कौतुकाने सगळ्यांत पुढे उभे केले होते. निजामाची पाळी आली तेव्हा पहिल्याच फैरीत तो गेला. निजामाच्या पिछाडीचे नेतृत्व ज्या मुलाकडे होते, तो मुळात अबोल. त्याच्या तुकड्यांपर्यंत लढाई पहिल्या रविवारी पोचलीच नाही. दुसऱ्या रविवारी त्याने हळूच मोबाइल काढला. तिसऱ्या रविवारी तो चहा पिऊन गेला, आणि त्यानंतर काही महिने भाच्याकडे फिरकला नाही. भांडण नव्हते. त्याला त्या टेबलापाशी काही काम नव्हते, इतकेच.

उरलेल्यांची करमणूक वादावादीवर चालली होती. सहा इंच म्हणजे सैनिकाच्या पायाखालच्या चकतीच्या पुढच्या कडेपासून की मागच्या? टेकडीमागचा स्वार तोफेला दिसतो की नाही? यासाठी दोघे एक डोळा मिटून, गाल टेबलाला टेकवून बराच वेळ वाकून राहिले. तेवढ्यात ताई पोळ्यांची परात घेऊन आली आणि म्हणाली, "काय शोधायलाव रे, सुई हरवली का?" कोणाच्या तरी कोपराने एक पथक अर्धा इंच सरकले, त्यावर वीस मिनिटे गेली. शिवाय प्रत्येक तुकडीचा स्वतंत्र खास नियम. पठाणांना एक, गारद्यांना दुसरा, हत्तीला भलताच. प्रत्येक नियमाला अपवाद आणि अपवादाला पुस्तकातले वेगळे पान. मुले खेळत कमी होती आणि वाचत जास्त होती.

हे त्या एका पुस्तकाचेच दुखणे असते तर मी लिहायला बसलो नसतो. जगभर या प्रकारच्या खेळांची हीच तक्रार आहे आणि ती फार जुनी आहे. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीचा 'वॉरहॅमर ४०,०००' हा यातला सगळ्यांत गाजलेला खेळ १९८७ साली आला. २०१७, २०२० आणि २०२३ अशा अलीकडच्या काळात त्याच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. प्रत्येक आवृत्तीत नियम बदलतात, म्हणजे आधीचे पाठांतर वाया. पुठ्ठ्याच्या सोंगट्या आणि नकाशा असणाऱ्या भावंडांची कथा याहून अचाट. १९७९ साली अमेरिकेत उत्तर आफ्रिकेतल्या दुसऱ्या महायुद्धावर एक खेळ निघाला. तो दहा जणांनी खेळायचा आणि पूर्ण व्हायला सुमारे पंधराशे तास लागतात असे सांगतात. त्यात इटालियन पलटणींना पाण्याचा जादा शिधा द्यावा लागतो, कारण त्यांना पास्ता उकडायचा असतो! वाचायला मजा येते. दर रविवारी पाच तास बसले तरी हा खेळ संपायला जवळजवळ सहा वर्षे लागतील, हा हिशेब केल्यावर मजा जरा कमी होते.

आणखी मागे जाऊ. प्रशियात राइसवित्झ नावाच्या बापलेकांनी लढाईचा खेळ तयार केला. बापाने १८१२ साली तो राजाला दाखवला, मुलाने १८२४ साली सुधारून छापला. नकाशावर ठोकळे सरकवायचे, एक चाल म्हणजे दोन मिनिटांचा काळ, आणि मधे एक पंच. खेळाडूंनी हुकूम पंचाला द्यायचे, आणि शत्रूचे जेवढे दिसू शकेल तेवढेच पंचाने दाखवायचे. सेनापतींना तो इतका आवडला की लष्करी शिक्षणात त्याला जागा मिळाली. पण पुढे नियमांचे कोष्टक एवढे वाढले की अधिकारी त्याला टाळू लागले. शेवटी १८७६ मध्ये फेर्डी द्यु व्हेर्नुआ या सेनानीने उलटा मार्ग दाखवला. कोष्टके बाजूला ठेवा, अनुभवी पंचाला निकाल देऊ द्या. दीडशे वर्षांपूर्वी प्रशियाच्या लष्करालाही जड झाले ते ओझे नांदेडच्या चार पोरांनी आपणहून डोक्यावर घ्यावे, याला काय म्हणावे?

एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराने १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचे लहानसे पुस्तक लिहून खेळण्यातल्या शिपायांचे नियम दिले. त्यात फासे नाहीतच. खेळण्यातली स्प्रिंगची तोफ खरोखर उडवायची, लाकडी गोळी लागून जो शिपाई आडवा झाला तो मेला. पायदळ एक फूट, घोडदळ दोन फूट. आणि चालीला घड्याळ लावलेले. वेळ संपली की हात वर. वेल्स युद्धाच्या विरोधातला माणूस होता आणि पुस्तकात त्याने ते लपवलेले नाही. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. मला त्याच्या नियमांत घड्याळ सगळ्यांत शहाणपणाचे वाटते. विचार करायला सवड नसणे हीच तर सेनापतीची अडचण असते.

इथे मुद्द्याची गोष्ट येते. टेबलावरच्या या खेळात निर्णय थोडे आणि हमाली फार, हे तर झालेच. पण हमाली कशासाठी? माणसे मोजण्यासाठी. सगळा हिशेब कोण किती मेले याचा. आणि उदगीरची मोहीम उघडून बघा, ती या हिशेबात बसतच नाही.

मोहिमेची सुरुवात झाली ती १७५९ साली अहमदनगरचा किल्ला पेशव्यांच्या हाती आल्यावर. तो पडला नव्हता. किल्लेदार कवीजंगाने तो पैशांच्या मोबदल्यात दिला होता. ज्या इब्राहीमखानाच्या तोफांनी निजामाची झोप उडवली, तो आधी निजामाच्याच चाकरीत होता. निजामाची धडपड होती धारूरकडे सरकून तिथल्या आपल्या फौजेला मिळण्याची, आणि भाऊंची धडपड ती गाठ पडू न देण्याची. निजामाकडे जड तोफा, बाजारबुणगे, हळू कूच. मराठ्यांची घोडी चहूबाजूंनी घोंघावत त्याचा दाणावैरण तोडत होती. मोठी चकमक झाली, माणसे मेली, पण निकाल लागला तो निजाम धारूरला पोचू शकला नाही म्हणून. तहात साठ लाखांच्या आसपास उत्पन्नाचा मुलूख आणि दौलताबाद, अहमदनगर, बऱ्हाणपूर, अशीरगड, विजापूर असे किल्ले मराठ्यांना मिळाले. (या विजयाने गारद्यांच्या तोफांची जी कीर्ती झाली, तीच पुढे भाऊंना पानिपतापर्यंत घेऊन गेली, तो भाग वेगळा.) मुलांच्या नियमपुस्तकात बंदुकीची गोळी लागण्यावर पानेच्या पाने होती. दाणावैरणीवर एक ओळ नव्हती, आणि फितुरीला तर जागाच नव्हती.

मराठवाड्याच्याच मातीतले याहून स्पष्ट उदाहरण पालखेडचे. १७२८ मध्ये थोरल्या बाजीरावांनी निजामुल्मुल्काला महिनोन्‌महिने मागे मागे फिरवले. निजाम पुण्याकडे गेला तर हे औरंगाबादच्या रोखाने निघाले. घाईने परतताना निजामाने जड तोफा मागे ठेवल्या आणि वैजापूरजवळ पालखेडला तो असा अडकला की ना अन्न, ना पाणी. २८ फेब्रुवारीला खेळ संपला आणि ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला. दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश सेनानी माँटगोमेरी याने युद्धाच्या इतिहासात या हालचालींची तोंडभरून स्तुती केली आहे. आता ही लढाई त्या टेबलावर मांडा. फार कोणी मेले नाही, म्हणजे गुण शून्य. नियमपुस्तक सांगेल, डाव बरोबरीत!

याउलट आपल्याकडचा वाघ-बकरीचा साधा खेळ घ्या. फरशीवर कोळशाने रेघा ओढायच्या आणि चिंचोके, खडे मांडायचे. वाघ थोडे, बकऱ्या पुष्कळ. वाघ उडी मारून खातो आणि बकऱ्या त्याला कोंडतात. दोन बाजू मुळीच सारख्या नाहीत, फासा नाही, आणि एका बाजूने एक चाल केली की लगेच दुसऱ्याची. वाघ मरत नाही, कोंडला जातो. पालखेडचा निजाम दुसरे काय झाला होता? बुद्धिबळातही राजा मारला जात नाही, त्याला जागा उरत नाही. आणि डाव हाताबाहेर गेला की सोडून द्यायची त्यात मुभा आहे. टेबलावरच्या सैन्याला मात्र शेवटचा माणूस खोक्यात जाईपर्यंत सुटका नसते, कारण एवढे रंगवून, एवढे मांडून अर्ध्यावर सोडायचे कोणाच्या जिवावर येते! नांदेडच्या त्या लढाईचा निकाल पहिल्या रविवारी चार वाजताच लागला होता. पुढचे दोन रविवार त्याची केवळ उत्तरक्रिया चालली होती.

फाशाशी माझे वैर नाही. सारीपाटावर वाढलेला माणूस आहे मी. एखाद्या धाडसी बेतावर फासा टाकताना छातीत जे धडधडते, ते बुद्धिबळात कुठून येणार? पण बेत आधी असावा आणि फासा नंतर. बावन्न फाशांत ती धडधड वाटली जाते आणि कोणाच्याच वाट्याला येत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुटीत भाचा लातूरला आला. आम्ही औशाचा किल्ला पाहून आलो आणि रात्री बसून ते नियमपुस्तक चक्क बाजूला ठेवले. एकेका सैनिकाचा हिशेब काढून टाकला. एका बाजूला बारा पथके, आणि पथक एकतर ताजे, नाहीतर दमलेले, नाहीतर मोडलेले. एकाने एक पथक हलवले की दुसऱ्याने एक. टेप गेला; त्याऐवजी वीतभर लांबीच्या दोन काड्या, एक पायदळाची, एक घोडदळाची. दर तीन चालींनी दाणावैरण तपासायची, ज्याची वाट तुटली त्याची पथके आपोआप दमतात. प्रत्येक सेनापतीला एकदाच चिठ्ठीवर गुप्त हुकूम लिहून पंचाकडे द्यायची सोय. त्या चिठ्ठीत फितुरीचा प्रयत्नही चालतो, आणि तेवढ्यापुरताच फासा, तोही एकच. पंच अर्थातच मी. पंचावर पक्षपाताचा आरोप होणार हे फेर्डीसाहेबांनाही ठाऊक असणार, तेव्हा त्याचे मी मनाला लावून घेत नाही. दोन तासांचा गजर लावायचा, तो वाजला की लढाई थांबली आणि दोघांनी तहाला बसायचे. जिंकलेल्या बाजूने साठ लाखांच्या वर मुलूख पदरात पाडला तर ती भाऊंपेक्षा सरस.

तह ही खरी गंमत ठरली, आणि ती कोणाला आधी सुचली नव्हती. गुण मोजण्याची युक्ती म्हणून घातलेला तो नियम लढाईपेक्षा जास्त रंगतो. समोरच्याची पथके किती दमलीत हे नीट दिसत नसते, त्यामुळे थापा मारायला भरपूर वाव. रंगवलेले शिपाई आहेतच. आता प्रत्येक पथकाच्या ठिकाणी तिघे-चौघे उभे राहतात आणि सोनेरी लगामवाला स्वार खुद्द भाऊंच्या पथकात असतो.

भाच्याने त्या अबोल मित्राला निरोप धाडला होता. तो डिसेंबरमध्ये नांदेडहून सकाळच्या गाडीने आला आणि पुन्हा निजामच मागून घेतला. पिछाडीची दोन पथके त्याने चिठ्ठी लिहून रातोरात धारूरच्या वाटेला लावली, हे भाच्याला चौथ्या चालीपर्यंत कळले नाही. तसा तो हरला. पण गजर वाजला तेव्हा धारूरची फौज टेबलाच्या कडेशी येऊन ठेपली होती, आणि साठ लाखांपासून सुरू झालेली बोलणी पस्तिसावर आली. आमच्या घरून ताटे वाढल्याचे दोनदा सांगून झाले. निजाम दौलताबाद सोडायला तयार नव्हता आणि भाऊसाहेब नुसत्या अहमदनगरवर उठायला.